थोरलीनं झाडलेली जमीन

मोहाची फुलं पडायला लागली की मला माझ्या जावेचा हेवा वाटायला लागतो. तसा तो बाराही महिने वाटतो, पण फाल्गुन-चैत्रात जरा ताजा होतो. सकाळी दार उघडलं की टेकडीवरून तो गोड, आंबूस, किंचित डोकं धरणारा वास उतरतो, आणि यंदाच्या पाडव्यापर्यंत शेजारच्या ओट्यावर वच्छलाबाई, माझी थोरली जाऊ, पाय पसरून बसलेली असायची. आमची घरं भिंतीला भिंत लागून. ती पंचाहत्तरीच्या पलीकडे, मी सत्तरीच्या अलीकडे. तिचे दात अजून तिचे स्वतःचे आहेत. हेव्याची यादी इथूनच सुरू करायची.

यंदा यादीत तिच्या नातीची भर पडली. प्रणाली वनरक्षक झाली आहे. खाकी कपडे, घोट्याच्या वरपर्यंत बूट, आणि हातात तो फोन. पाडव्याला पाच दिवस होते तेव्हा भाकर खाता खाता फोन वाजला. तिनं पाहिलं आणि घास तसाच टाकून उठली.

"काय झालं व?" मी विचारलं.

"आग हाय आजी, वरच्या नाल्याकडं. उपग्रहानं पाहिली."

"उपग्रह कोण?"

"आभायात फिरते थे यंत्र. वरून त्याले उष्णता दिसते."

ती फटफटीवर बसून गेली. मी नाक वर करून वास घेतला. काहीच नाही. आयुष्यभर माझ्या नाकाला गावात तोड नव्हती; कोणाच्या घरी भाजी करपली ते मी तीन घरांवरून सांगायचे. आता आभाळातल्या यंत्राला माझ्याआधी कळतं. त्याचाही हेवा.

पाडवा झाला की वच्छलाबाईला तिचा मुलगा नागपूरला कायमचं नेणार होता. सातवा मजला, लिफ्टचं घर. मला लिफ्टचा हेवा नाही. खोटं कशाला बोलू, आहे. पण त्याहून मोठी अडचण वेगळी होती. एक गोष्ट मला तिला सांगायची होती. सत्तेचाळीस वर्षं ती माझ्या घशाशी यायची आणि परत जायची. थोरली लिफ्टमधून वर गेली की ती गोष्ट माझ्यापाशीच राहणार होती, आणि ती घेऊन मला मरायचं नव्हतं.

त्या वर्षी मी नवी नवरी होते. पुसदला सातवीपर्यंत शिकलेली, म्हणजे स्वतःच्या मते बॅरिस्टर. लग्नात भावानं उंच टाचेच्या चपला घेऊन दिल्या होत्या. त्या घालून मी पहिल्या दिवशी मोह वेचायला जंगलात गेले. दगडावर टाच मोडली, तर मी दुसरीही मोडून घेतली, जोडी सारखी दिसावी म्हणून. एवढी माझी अक्कल. आज ती पोरगी मला रस्त्यात भेटली तर मी तिच्या वेणीला हिसका देईन.

मोहाची झाडं जंगलातली असली तरी आमच्याकडे ती घरोघरी वाटलेली असतात. कागद नाही, शिक्का नाही. आजे-पणज्यांनी बोट दाखवलं ते झाड त्या घराचं. आमच्या घराची आठ. टेकडीच्या पायथ्याशी तीन, ती मला मिळाली. वर चढणीवर पाच, एका ठिकाणी, अंगाला अंग लावून उभी असल्यासारखी. ती थोरलीची.

फूल पडतं पहाटेपासून. पिवळसर, रसाळ, पाण्यानं भरलेल्या मण्यासारखं. पडतं ते सागाच्या पानगळीत. सागाचं वाळलेलं पान कधी हातात घेतलंय? ताटाएवढं, पापडासारखं कडक. अशा पानांचा गुडघ्याएवढा थर, आणि त्यात लपलेलं बोटाच्या पेराएवढं फूल. वेचणार कसं? म्हणून झाडाखालची जमीन मोकळी करावी लागते. त्याचे दोन रस्ते. एक, खराट्यानं झाडा. दुसरा, काडी ओढा.

गाव काडी ओढत होतं. त्यात कोणाला पाप वाटत नव्हतं. पहाटे, दव असताना, चौघीजणी हिरव्या डहाळ्या घेऊन झाडाभोवती उभ्या राहायच्या, पानं पेटवायच्या, आग बाहेर सरकली की बडवून मारायच्या आणि राख थंड होईपर्यंत तिथून हलायच्या नाहीत. अर्ध्या तासाचं काम. थोरली मात्र झाडायची. पाच झाडांखाली, फांद्यांच्या सावलीच्याही बाहेर तीन पावलं. पानं टोपल्यात भरून खाली शेतातल्या खताच्या खड्ड्यात. रोज झाडायची, कारण पानं रोज पडतात. तिची ती जमीन खळ्यासारखी दिसायची. वर बसून जेवावं अशी.

आणि तिची फुलं! काडी नाही, राख नाही, माती नाही. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. आत्या संध्याकाळी दोघींच्या टोपल्या पुढ्यात घ्यायच्या. तिची फुलं सुपात घेऊन नुसतं हलवायच्या, आणि माझ्या टोपलीत हात घालून म्हणायच्या, "सुमे, हे मोह होय का चुलीतली राख व?"

घरात हसायचे. माझा नवराही हसायचा, आणि तो हसला की तिच्याकडे बघून हसायचा असं मला वाटायचं. मी रात्रीच्या भाकरीला मीठ जास्त घालायचे. सूड म्हणून. ते मलाच जास्त लागायचं.

तर एक दिवस मी ठरवलं, आपली जमीन तिच्याहून साफ करायची. झाडून नव्हे, झाडणं म्हणजे तिची नक्कल. पेटवून, पण मोठी. तिच्या तीन पावलांच्या जागी माझी वीस पावलं. फुलं वेचून झाली होती. सूर्य माथ्याकडे निघाला होता, दव कधीच उडून गेलं होतं, बाकीच्या बाया घरी गेल्या होत्या. माझ्या बुद्धीनं मला सांगितलं, हीच वेळ बरी, पाहायला कोणी नाही. मी मोडक्या टाचेनं जमिनीवर एक रेघ ओढली. आगीला सांगितलं, इथपर्यंत. मग काडी ओढली.

पहिले काही क्षण ती मांजराच्या पिलासारखी होती. एक पान चाटलं, दुसरं चाटलं. मी कमरेवर हात ठेवून बघत होते. मग टेकडीखालून वारा आला. दुपारकडे टेकडी तापते आणि वारा वर चढतो हे मला कोणी शिकवलं नव्हतं, सातवीच्या पुस्तकात नव्हतं. आगीनं मान वर केली आणि चढणीला लागली. माझी रेघ तिनं पाहिलीसुद्धा नाही.

सपाटीवर चालणारी आग चढणीवर पळते. बकरीसारखी. खालची ज्वाळा वरच्या पानाला आधीच भाजून तयार ठेवते, मग त्याला पेटायला निमित्त नको. मी डहाळी तोडून बडवायला लागले, तर डहाळीच्या वाऱ्यानं पेटती पानं उडून पुढे पडली. एकाची चार ठिकाणं झाली. बांबूच्या रांजीत, म्हणजे बेटात, शिरली तेव्हा गोळ्या झाडल्यासारखे आवाज झाले. ते ऐकून गाव धावत आलं.

धावून काय करणार? नाला कोरडा. विहीर गावात. टँकर नव्हता, असता तरी बैलगाडीची वाट अर्ध्यावर संपत होती. घागरीनं पाणी आणणं म्हणजे हत्तीला फुलपात्रातून पाजणं. पंधरावीस माणसं, हातात पळसाच्या डहाळ्या, आणि समोर माणसाच्या उंचीची, टेकडीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत पसरलेली ज्वाळा. जवळ गेलं की भुवया जळायच्या, लांब राहिलं की डहाळी पोचायची नाही. तेवढ्यात जंगलखात्याचा गार्ड सायकल टाकून आला. म्हणाला, समोरून उलटी आग लावू, दोघी मधात भेटून मरतील. पायवाटेवर त्यानं ती लावली. भेटायच्या आधी वारा फिरला, आणि आमच्याकडे एकीच्या दोन आगी झाल्या.

मग कोणीतरी ओरडलं, "वच्छला वरतं हाय! झाडाले गेलती, आली नाई खाली!"

मला इथं जरा थांबू द्या.

मी किंचाळले, हे खरं. पण त्याच्या आधी, पापणी लवायला लागतो तेवढा वेळ, माझ्या मनात एक वाक्य आलं. आता आत्या माझी फुलं सुपात घेतील.

बस. एवढंच. आलं आणि गेलं. पण जे मनात आलं ते मी पाहिलं होतं. सांगायची राहिलेली गोष्ट ती हीच.

दिवस कलला, वारा पडला, आग वरच्या कातळाकडे सरकली, तेव्हा जळलेल्या वाटेनं आम्ही वर गेलो. बुटांशिवाय जळक्या जमिनीवर चालणं काय असतं ते प्रणालीला विचारू नका, मला विचारा. सगळं काळं. झाडांची खोडं कमरेपर्यंत काळी, पोकळ खोडांतून चुलीसारखा धूर. एक घोरपड दगडाखाली शिरता शिरता राहिलेली. आणि त्या काळ्या टेकडीच्या मधोमध मातीच्या रंगाचं एक गोल खळं, त्यावर पाच मोह, आणि मोहांच्या मधात थोरली बसलेली. डोक्यावर ओला पदर; पिण्याच्या पाण्याचा तांब्या तिनं त्यावर रिकामा केला होता. आग तिच्या जमिनीपाशी आली, खायला एक पान मिळालं नाही, दोन बाजूंनी वळून पुढे गेली. खराटा तिच्या मांडीवर होता. उडून आलेली ठिणगी पडली की ती तो आपटायची.

मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती खोकत म्हणाली, "लहाने, एवढा वास तुह्या भाकरीच्या करपण्याचा बी येत नाई."

गार्डनं वही काढली. "कोणं लावली?"

कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी तोंड उघडायच्या आत थोरली बोलली. "साहेब, कोण नाई लावत थे विचारा. वही पुरणार नाई तुमची."

गार्डनं वही मिटली. काय करणार? ते खरंच होतं. कोणी मोहासाठी लावतो, कोणी तेंदूला कोवळी पानं फुटावी म्हणून, कोणी ढोरांना हिरवं गवत यावं म्हणून, कोणी विडीचं थोटूक नुसतंच फेकतो. प्रत्येकाची आग एवढीशीच असते. मोठी आग कोणीच लावत नाही, आणि म्हणून ती कोणाला अडवताही येत नाही.

ती चार दिवस चालली. विझली म्हणावं तर पडलेल्या पोकळ लाकडात आतल्या आत धुमसायची, आणि दुपारी वारा आला की पुन्हा उठायची. एक जळका ओंडका उतारावरून गडगडत आला आणि लोकांनी घाम गाळून साफ केलेला पट्टा ओलांडून पलीकडच्या गवतात पडला. तीन टेकड्या गेल्या. शेवटी ती विझली ती आमच्या डहाळ्यांनी नाही. पलीकडे नांगरलेली शेतं लागली, तिला खायला उरलं नाही, तेव्हा ती झोपली.

नंतर काय झालं असेल? पंचक्रोशीतल्या बाया थोरलीची जमीन बघायला आल्या. यात्रेला यावं तशा. खात्यानं तिला नारळ दिला, लुगडं दिलं. आत्या येईल त्याला सांगायच्या, "आमच्या थोरलीच्या खराट्याले आग भ्याली." आग माझी, राख माझी, पोळलेले तळवे माझे; नाव तिचं. तिनं मला वाचवलं, त्याबद्दल तिला एक शब्द बोलून दाखवता आला असता. तोही ती बोलली नाही. एखादीनं किती मोठं व्हावं याला काही सुमार?

यंदाच्या त्या आगीवरून प्रणाली परत आली तेव्हा तिसरा प्रहर झाला होता. तोंड काळं, पापण्यांची टोकं जळलेली. तिची आजी आणि मी दोघी ओट्यावरच होतो.

"विझली?" मी विचारलं.

"हे अंग विझलं. थे अंग उद्या पाहू." ती घटाघटा पाणी प्यायली. "फोनवर निरोप येते आजी, पण आग लागल्यावर घंटा-दीड घंट्यानं. फटफटी नाल्यापर्यंत, मंग पायी. पोचतो तवा ती टेकडीवर चढलेली असते. पाठीवरच्या मशिनीनं पानं उडवून पट्टा करतो आम्ही. पण माणसं किती, जंगल केवढं."

"मशीन म्हणजे पंखाच ना?" मी म्हटलं. "आमच्या वक्ती खराटा होता."

"खराटाच बरा होता आजी. बरं, काई वर्षं आग नाई लागली तं वाटते जिंकलो. तवा खाली पानं साचतात, रायमुनियाची झुडपं माजतात, आन मंग एक काडी पडली की आधीच्या सगळ्या वर्षांचं एकदम जळते. विझवणं सोपंच नाई. लागू न देणं तं त्याहून कठीण. वच्छलाआजीसारखं रोज कोण झाडते?"

झालं. फिरून गाडी तिच्यावरच. मी विचारलं, "काहून व, त्या दिवशी हिच्या तीन पावलांनीच आग थांबली का नाई?"

प्रणाली हसली. "खरं सांगू? वारा अजून जरासा असता तं तीन पावलं कामाची नव्हती. ठिणग्या त्याहून लांब उडतात. झाडलं म्हणून वाचली, आन नशीब म्हणूनबी वाचली."

सत्तेचाळीस वर्षांत कोणी माझ्या कानात इतकं गोड बोललं नव्हतं. मी थोरलीकडे पाहिलं. ती निवांत सुपारी कातरत होती.

प्रणाली अंघोळीला आत गेली. ओट्यावर आम्ही दोघी. पाडवा पाच दिवसांवर. मी म्हटलं, "बाई, एक सांगू का?"

"सांग."

"थ्या दिवशी तू वर अडकली म्हणून ओरडले ना लोकं, तवा मले..." मी तिच्या हातातल्या अडकित्त्याकडे बघत बोलले. "तवा एक घडी मले बरं वाटलं. आता आत्या माही फुलं सुपात घेतील असं वाटलं. तू मेली असं धरूनच चालली मी."

अडकित्ता थांबला. मला वाटलं, गेलं सगळं. पाच दिवस भिंतीला भिंत लावून ही माझ्याशी बोलणार नाही, आणि मग लिफ्टनं वर जाईल.

"एकच घडी?" ती म्हणाली.

"हो."

"मंग तू बरीच साधी हाय. मी तं पूर्ण दुपार आगीच्या मधात बसून देवाले म्हणत होती, मले वाचव का नको वाचवू, पण त्या पुसदवालीची तिन्ही झाडं आधी जाळ." तिनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "लई तोरा होता तुह्या त्या चपलांचा. आन आत्या तुले रोज बोलायच्या, माह्याशी तं बोलतच नव्हत्या. माही फुलं हलवायच्या आन सूप ठेवून द्यायच्या. तुह्या टोपल्यात हात घालून हासायच्या. घर सारं हासायचं. मी काय झाडून झाडून हासू आणणार होती?"

मला राग आला, तो हा की तिचं पाप माझ्यापेक्षा मोठं निघालं. आणि इतकी वर्षं तिनं ते असं सांभाळलं की तिला एका रात्रीचीही झोप गेली नसावी. मी मात्र माझ्या एवढ्याशा वाक्यापायी सत्तेचाळीस चैत्र कुशी बदलत काढले.

"मी माणूस मारलं मनात," मी म्हटलं. "तू नुसती झाडं."

"मोहाचं झाड म्हणजे नुसतं व्हय? आपल्या दोघींपेक्षा जास्त कामाचं थे."

"पण माह्यं पाप आधीचं."

"माह्यं लांबीचं."

आतून प्रणालीनं विचारलं, काय भांडून राह्यल्या? आम्ही दोघींनी एकदम सांगितलं, काही नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी आली. थोरली मागच्या सीटवर बसली, काच खाली केली, आणि म्हणाली, "माह्या पाची झाडांखालचं तू झाडशील. काडी दिसली तं नागपूरवरून येईन." मी म्हटलं, बघू.

आता रोज सकाळी मी वर जाते. चढणीला दम लागतो, दोनदा बसावं लागतं. फांद्यांच्या सावलीपर्यंत झाडते, मग बाहेर तीन पावलं, तिच्या मापानं. मग थोडा श्वास घेते आणि आणखी दोन पावलं झाडते. कमर मोडते, पण तीनवर थांबणं मला जमत नाही. बाकीच्या बायाही खराटे घेऊन येऊ लागल्या आहेत. म्हातारी पाच झाडते तर आपण चार तरी, असं त्यांचं चाललंय. प्रणाली म्हणते, हे असंच वाढलं तर यंदा या अंगाला माझं काम हलकं होईल.

काल नागपूरहून फोन आला. लिफ्ट कशी आहे ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

"तू किती झाडतं?" तिनं विचारलं.

"पाच पावलं."

"खोटी," ती म्हणाली, आणि लगेच पुढे, "पानं टोपल्यात भरतं का नुसतीच बाजूला सारतं?"

आवाज बारीक झाला होता. तो आवाज मी लगेच ओळखला. इतकी वर्षं तो माझाच होता. मी सावकाश, एकेक पान सांगितल्यासारखं, तिला सगळं सांगितलं.